चांदोली : धरणाकाठचे अरण्य

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शिराळा तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत वारणा नदीवर मातीचे धरण उभे राहिले आणि त्यामागे ‘वसंतसागर’ हा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. ३४.४० टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाभोवतीचे जंगल म्हणजेच चांदोली राष्ट्रीय उद्यान. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा येथे एकत्र येतात.

१९८५ मध्ये या परिसराला अभयारण्याचा, तर २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर आहे. २०१० मध्ये चांदोली आणि साताऱ्यातील कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत कास, कोयना आणि राधानगरीबरोबर चांदोलीचाही समावेश आहे.

या भूमीला शिवकालाचाही वारसा आहे. कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा प्रचितगड याच परिसरात आहे. गडाच्या पायथ्याचे शृंगारपूर हे महाराणी येसूबाई यांचे माहेर. संभाजीराजांचे वास्तव्यही येथे होते.

अंजनी, जांभूळ, हिरडा आणि कारवी ही येथील वनराजी. माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे पावसाळ्यानंतर रानफुलांनी बहरतात. दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पतीही तेथे आढळतात. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा आणि राज्यप्राणी शेकरू यांचा येथे अधिवास आहे. धनेशासह पक्ष्यांच्या शंभराहून अधिक जातींची नोंद झाली आहे.

मात्र या अरण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. प्रथम धरणासाठी आणि नंतर अभयारण्यासाठी येथील गावे उठली. विस्थापितांच्या वसाहती सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत वसल्या. पर्यायी जमीन आणि नागरी सुविधांसाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. त्यांनी सोडलेल्या शेतांवर आज गवताळ कुरणे पसरली असून गवे आणि सांबरे तेथे चरताना दिसतात.

व्याघ्र प्रकल्प होऊनही वाघांची संख्या वाढत नव्हती. दक्षिणेकडील राधानगरी, गोवा आणि कर्नाटकाला जोडणाऱ्या डोंगररांगेतून अधूनमधून वाघ येत; २०१८ मध्ये चांदोलीत वाघाचे छायाचित्रही टिपले गेले. परंतु वाघिणीचा कायम वावर नसल्याने वंश वाढणे अशक्य होते. भक्ष्य वाढावे यासाठी सांगली जिल्ह्यातीलच सागरेश्वर अभयारण्यातून चितळे आणण्यात आली. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा-अंधारी प्रकल्पातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. हा प्रयोग यशस्वी झाल्यास उत्तर सह्याद्रीत वाघ पुन्हा स्थिरावू शकेल.

पर्यटकांसाठी शिराळा-कोकरूड-आरळामार्गे मणदूर हे प्रमुख प्रवेशद्वार आहे. वन विभागाच्या परवानगीने ठरावीक मार्गावरच वाहनातून भ्रमंती करता येते. झोळंबीचा सडा, जनीचा आंबा, शेवताई मंदिर आणि प्राणी पाहण्यासाठीचे लपनगृह ही येथील आकर्षणे. पावसाळ्यात उद्यान बंद असते. प्लास्टिक, मोठ्या आवाजातील संगीत आणि भडक कपडे टाळलेलेच बरे.

वारणा पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. चांदोलीतून होणारा विसर्ग म्हणूनच सांगलीकरांच्या चिंतेचा विषय असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी त्याची जाणीव करून दिली. धरणामागचे जंगल टिकले, तर उतारावरील माती जागेवर राहते, जलाशयात गाळ कमी येतो आणि ओढे हिवाळ्यानंतरही वाहतात. खोऱ्यातील उसाच्या फडांपर्यंत पोहोचणाऱ्या पाण्याचे मूळ याच अरण्यात आहे. त्यामुळे चांदोलीचे रक्षण ही केवळ वन विभागाची जबाबदारी राहत नाही.