बोअर जितका खोल, तितकं पाणी जास्त? जाणून घ्या भूजलाचं गणित

एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि विहिरी, बोअरही आटले होते. धरण रिकामं होताना दिसतं, जमिनीखालचं पाणी संपताना मात्र दिसत नाही. भारतात ग्रामीण भागातलं पिण्याचं सुमारे ८५ टक्के आणि सिंचनाचं ६० टक्क्यांहून अधिक पाणी जमिनीखालूनच येतं. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देशही भारतच आहे.

भूजल म्हणजे काय?

पावसाचं पाणी माती आणि मुरमातून झिरपून खडकाच्या फटींत साठतं, तेच भूजल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्येच मावतं. म्हणूनच एका बोअरला पाणी लागतं आणि त्याच शेतातला दुसरा कोरडा जातो.

त्याचा फायदा काय?

धरणासाठी जमीन बुडवावी लागते, कालवे काढावे लागतात. भूजल गरजेच्या जागीच मिळतं आणि उन्हानं फारसं उडून जात नाही. पाऊस हुकला तरी पिकं आणि गुरं याच साठ्यावर तगतात. मात्र स्वच्छ दिसणारं पाणी पिण्यायोग्य असतंच असं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. त्यामुळे तपासणी हवीच.

मग बोअर आणखी खोल घ्यावा का?

वरचा थर चांगल्या पावसात भरून निघतो, पण खोल भेगा भरायला खूप वेळ लागतो. शिवाय खालचा थर शेताचा बांध ओळखत नाही. एकाचा बोअर खोल गेला, की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आपल्या जमिनीखालचं पाणी घ्यायचा हक्क जमीनमालकाला देतो. त्यामुळे ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याचा बोअर जास्त खोल. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आणले.

उपाय काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पाणी अडवलं, जिरवलं आणि शेतीसाठी बोअर बंद केले. गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. जिरवलं तेवढंच उपसायचं, एवढं साधं हे गणित आहे.