जुन्या फोर्डचे ब्रेक

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या वेगाचाच इतिहास लिहितात. ती थांबते कशी, हें सांगण्यास त्यांना सवड होत नाहीं. परंतु जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींत जो वाद वरचेवर माजतो, तो थांबण्याविषयींचाच आहे. डिसेंबर १९२७ मध्यें लोकांपुढें आलेली आणि १९३१ पर्यंत निघत राहिलेली फोर्डची ‘मॉडेल ए’ गाडी आजच्या रस्त्यावर चालवावयाची, तर तिचे मूळचे सळ्यांचे ब्रेक काढून तेलाच्या दाबावर चालणारे बसवावे कीं काय? एक पक्ष म्हणतो, जिवापेक्षां मोठें कांहीं नाहीं. दुसरा म्हणतो, मग ती गाडी जुनी राहिली कोठें? या वादांत इतिहासाची साक्ष सहसा कोणी काढीत नाहीं, म्हणून ती येथें काढण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘मॉडेल ए’च्या आधींच्या ‘मॉडेल टी’ला पायाचा ब्रेक होता, पण तो चाकांवर नव्हे, तर गिअरच्या पेटींतील एका पट्ट्यावर चाले. चाकांवरचा ब्रेक हाताचा, आणि तोही मागच्या दोनच चाकांना. त्या मानानें चारही चाकांना ब्रेक असलेली नवी गाडी म्हणजे मोठीच सुधारणा. पेडल दाबलें कीं सळ्या ओढल्या जात आणि प्रत्येक चाकांतील ब्रेक-शू फांकून ड्रमला घासत. या रचनेचें मर्म एकच: चारही सळ्यांची ओढ सारखी पाहिजे. एका चाकानें आधीं धरलें, दुसऱ्यानें मागाहून, कीं गाडी एका अंगास खेंचली जाते. जोडींतला एक बैल अडला म्हणजे काय होतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगणें नलगे.

तेलाच्या ब्रेकचें तत्त्व सतराव्या शतकांतील पास्कलचें. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो. अर्थात् समतोल साधण्याची जी कसरत मिस्त्रीस करावी लागे, ती द्रव आपण होऊन करतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकनानें हें तत्त्व मोटारीस लाविलें. १९२१ सालीं फ्रान्समध्यें ल माँ येथें ग्रां प्री शर्यत जिंकणाऱ्या ड्यूसेनबर्ग गाडीस तेलाचेच ब्रेक होते. १९२४ सालीं क्रायस्लरनें ते घेतले, १९२८ सालीं स्वस्त प्लिमथला मिळाले, १९३६ सालीं शेवरलेला. हेन्री फोर्ड मात्र अढळ. पेडलापासून चाकापर्यंत पोलादाची सुरक्षितता, अशी जाहिरात त्याचा कारखाना करी. १९३९ सालच्या गाड्या निघेपर्यंत त्यानें तेलाला हात लाविला नाहीं.

या हट्टाला हंसणें सोपें आहे. आम्ही स्वतः पुष्कळ दिवस हंसत होतों. पण त्या भीतींत तथ्य होतें. सळी तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो. त्या काळच्या तेलाच्या रचनेंत चारही चाकांना मिळून एकच मुख्य सिलिंडर. एका चाकाशीं नळी फुटली कीं पेडल तळाला टेकलें आणि चारही चाकें मोकळीं. उरला तो हातब्रेक.

आणि मूळची गाडी म्हणजे तरी कोणती? पहिल्या ‘मॉडेल ए’ गाड्यांत हाताचा ब्रेकही पायाच्याच शूंवर चाले. हातब्रेक स्वतंत्र असला पाहिजे, अशी हरकत अमेरिकेंतील कांहीं राज्यांनीं घेतली, तेव्हां फोर्डनें १९२८ सालींच तो निराळा करून दिला. पुढें कॅलिफोर्नियांतील वेगवेड्या तरुणांनीं १९३९ नंतरच्या फोर्डचे तेलाचे ब्रेक काढून या जुन्या गाड्यांना चढविले. आंसाच्या रचनेंत कारखान्यानें फारसा पालट केला नसल्यामुळें ते थोड्याशा फेरफारानें बसत. आज ज्या बदलास कोणी भ्रष्टाचार म्हणतात, तो असा स्वतःच जुना झाला आहे.

त्या तरुणांनीं तेलाचा गुण घेतला, तसा दोषही घेतला. तो दूर करणारें, पुढच्या व मागच्या चाकांना वेगळा दाब देणारें दुहेरी सिलिंडर १९६२ सालच्या कॅडिलॅकला आलें, आणि १९६८ पासून अमेरिकेंत नव्या मोटारींस अशी विभागणी कायद्यानें आवश्यक झाली. फोर्डच्या शंकेचें उत्तर मिळण्यास इतकीं वर्षें लागलीं.

संग्रहालयांत उभ्या राहणाऱ्या गाडीस कोणी हात लावूं नये, असें आम्हांस वाटतें. सळ्यांची जी निंदा ऐकूं येते, तींतील बरीचशी झिजलेल्या सांध्यांची आहे. सांधे घट्ट, ड्रम वाटोळे आणि ओढ सारखी असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ती गाडी चांगली थांबते. भर रहदारींत न्यावयाची असेल, तर बदल अवश्य करावा. पण मग दुहेरी सिलिंडरच घालावें, आणि १९२८ सालीं मागितलेला तो हातब्रेक तेलापासून स्वतंत्र राखावा. टायर मात्र तेच अरुंद राहणार, हें चालविणाऱ्यानें विसरूं नये. काढलेल्या सळ्या भंगारांत न देतां तेल लावून, फडक्यांत गुंडाळून, कोणत्या चाकाची कोणती याची चिठी बांधून ठेवाव्या.