नेपच्यून आणि आमचा मोती

आमचा मोती वर्षभर अंग खाजवत होता. पिसवांचे औषध झाले, कडुनिंबाचे पाणी झाले, आईने दृष्टही काढली. शेवटी पशुवैद्यांनी विचारले, "खायला काय घालता?" या साध्या प्रश्नामागचा इतिहास शोधत गेलो आणि थेट समुद्रावर पोचलो.

1901 साली मोनॅकोचे प्रिन्स पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ एका समुद्री जीवाचे विष तपासत होते. त्याचे नाव 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर'. आपल्याला हसू येणारच! त्याचेच भाऊबंद पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर येतात, त्यांना 'ब्लू बॉटल' म्हणतात. फ्रान्सला परतल्यावर दोघांनी समुद्रफुलाचे विष घेतले. थोडे थोडे विष देऊन कुत्र्याला त्यापासून संरक्षण मिळेल का, हे पाहायचे होते. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिली मात्रा बाधली नाही. 22 दिवसांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली आणि तो 25 मिनिटांत मेला. शरीर सरावले नव्हते, उलट बिथरले होते. रिशे यांनी याला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' म्हटले. 1913 साली त्यांना नोबेल मिळाले. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली दिला.

मोतीचे दुखणे एवढे भयंकर नव्हते, पण सूत्र तेच. अ‍ॅलर्जी बहुधा ओळखीच्या अन्नाचीच होते. 297 कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस 34 टक्के, दूधदुभते 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना बाधत होते. नुसते दूध न पचणे वेगळे. त्यात पोट बिघडते, पण शरीराची संरक्षणव्यवस्था भडकत नाही.

रक्ततपासणीवर यात फारसा भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी कधी न खाल्लेले अन्न आठ आठवडे देऊन पाहायचे, हाच खरा मार्ग. मोतीने मटण कधी खाल्ले नव्हते. कारकुनाच्या घरी ते त्याच्या वाट्याला कुठून येणार? तरी मटण-बटाटा सुरू केला. खाज थांबली. मग एकेक जुना पदार्थ परत देऊन पाहिला. दूध दिल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा खाज!

ती दुधाची वाटी आई रोज आपल्या वाट्यातून त्याला देत असे. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मीच रे त्याला..."

मी तिला नेपच्यूनची गोष्ट सांगितली. रिशे यांनाही त्याला वाचवायचेच शिकायचे होते.