आमरीचे अन्नपाणी

वैशाख सरत आला की सह्याद्रीच्या रानात हिंडणाऱ्यास झाडांच्या खोडांवर फिकट गुलाबी फुलांचे लांब तुरे लोंबताना दिसतात. लोक त्यांना सीतेची वेणी म्हणतात. ही आमरीच्या कुळातील, म्हणजे ऑर्किडांपैकी एक वनस्पती. तिची मुळे झाडाच्या सालीला घट्ट धरून असतात, म्हणून पुष्कळ जण तिला बांडगूळ समजतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात मूळ घालून त्याचा रस पिते. सीतेची वेणी झाडाकडे आसऱ्यापलीकडे काही मागत नाही. मग मातीशी संबंध नसलेली ही वनस्पती खाते काय आणि पिते काय? प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याचे उत्तर मिळविण्यास माणसाला शंभरांहून अधिक वर्षे लागली आणि त्यापायी असंख्य रोपे प्राणास मुकली. त्या चुकांचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेस्ट इंडीज, दक्षिण अमेरिका आणि हिंदुस्थान येथून आमरीची रोपे जहाजांनी इंग्लंडात येऊ लागली. उष्ण देशांची रोपे, तेव्हा त्यांना उष्णता हवी. अरण्यातली रोपे, तेव्हा त्यांना काळोख आणि ओल हवी, असा सरळ हिशेब बागवानांनी मांडला. रोपे मातीच्या कुंड्यांत लावावयाची, काचघराची दारे-खिडक्या बंद करावयाची आणि आत सतत वाफ ठेवावयाची, अशी रीत पडली. मुळे कुजत, पाने पिवळी पडत, आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप मागविले जाई. सर जोसेफ बँक्स यांनी १८१७ च्या सुमारास वेताच्या टोपलीत पालापाचोळ्याची भुसभुशीत कुजट माती व शेवाळ घालून रोपे टांगून ठेवली. मुळांना माती कमी आणि वारा अधिक हवा, ही जाणीव त्या टोपलीत होती. परंतु ती सार्वत्रिक झाली नाही. उलट १८३० साली जॉन लिंडले यांनी कडक उष्णता, दाट सावली आणि भरपूर ओलावा यांचाच पुरस्कार केला. लिंडले हे त्या काळचे आमरींचे सर्वांत मोठे अभ्यासक. त्यांचा शब्द वेदवाक्य मानला गेला. विद्वानाची चूक सामान्य माणसाच्या चुकीपेक्षा महाग पडते, ती अशी.

हा समज मोडण्यास मदत झाली ती आपल्याच देशातील खासी टेकड्यांची. डेव्हनशरच्या ड्यूकने १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्यास हिंदुस्थानात पाठविले. तो खासी टेकड्यांतून शेकडो रोपे घेऊन १८३७ साली परतला. ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने निरनिराळ्या हवामानाच्या रोपांसाठी निरनिराळी घरे केली, खिडक्या उघडल्या, आणि हवेत ओल राहावी म्हणून घरातील वाटांवर पाणी शिंपडण्याचा पाठ घालून दिला. रोपे जगू लागली.

१८५० साली जोसेफ डाल्टन हूकर खासी टेकड्यांत फिरत होते. तेथे ओकच्या झाडांवर निळ्या फुलांची व्हँडा त्यांना विपुल आढळली. भोवताली ना दाट सावली, ना शेवाळ. ऊन, वारा, पाऊस, थंडी आणि कोरडा काळ हे सारे अंगावर घेत ती फुलली होती. आणि विलायतेत मात्र तिला कोंदट उष्णतेत ठेवीत. हा विरोध हूकर यांनी लिहून ठेवला. त्याच पुस्तकात दुसरीही एक नोंद आहे. त्यांनी क्यू येथील बागेसाठी सात माणसांच्या ओझ्याएवढी रोपे गोळा केली, पण इंग्लंडात जिवंत पोहोचली ती थोडीच. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाच्या ओझ्याएवढी रोपे पाठविली. ती अगदी वाईट स्थितीत पोहोचूनही तीनशे पौंडांस विकली गेली.

या किमतीनेच पुढचा अनर्थ केला. आल्बर्ट मिलिकन या रोपे गोळा करणाऱ्याने कोलंबियातील आपल्या प्रवासाचा वृत्तान्त १८९१ साली प्रसिद्ध केला. दहा हजार रोपे मिळविण्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडली, हे त्यात तो सहज सांगून जातो. काचघरात रोप मरत होते तोवर रानातील झाडावर कुऱ्हाड पडत राहणारच होती. अन्नपाण्याचा प्रश्न केवळ बागवानीचा नव्हता, तो असा.

पाण्याचे उत्तर मुळातच दडलेले होते. आमरीच्या हवेतील मुळावर मृत पेशींचे पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडताच ते काही सेकंदांत पाणी शोषते आणि आतील हिरवा रंग दिसू लागतो. पुढील काही तासांत ते सुकून पुन्हा पांढरे होते. भिजणे आणि सुकणे हाच त्या मुळाचा श्वासोच्छ्वास म्हणावयास हरकत नाही. सतत ओल राहिली तर हवा मिळत नाही व मूळ कुजते. कुजलेले मूळ पाणी घेऊ शकत नाही, म्हणून पाने सुरकुततात. आणि पाने सुरकुतलेली पाहून माळी आणखी पाणी घालतो! शंभर वर्षांच्या चुकीचे सारे सूत्र या एका प्रसंगात आहे.

अन्नाचा उलगडा निराळ्या वाटेने झाला. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स व क्नॉप यांनी पाण्यात क्षार विरघळवून मातीवाचून रोपे वाढविली होती. आमरीच्या बागवानांनी मात्र दीर्घकाळ ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या मुळांचे तंतू वापरले. ते सावकाश कुजत व थोडे थोडे अन्न देत, म्हणून वेगळे खत नकोच असे मत रूढ झाले. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी आमरीचे धुळीसारखे बी साखर व क्षार घातलेल्या आगरावर रुजवून दाखविले, आणि रान न लुटता रोपे वाढविण्याची वाट मोकळी झाली. १९५० नंतर तिकडे ऑस्मुंडाच्या जागी फर वृक्षाची साल आली, तेव्हा रोपे उपाशी पडू लागली. साल कुजविणारे सूक्ष्मजंतू नत्र आपणच खात होते. म्हणून स्फुरद व पालाश यांच्या तिप्पट नत्र असलेले खत सुचविले गेले.

परंतु खत किती द्यावे? फ्रिट्स व्हेंट यांनी १९४० साली असे अनुमान मांडले की, पावसाचे पहिले पाणी झाडाची पाने व फांद्या धुऊन येते, तेच सर्वांत पौष्टिक असते, आणि मुळाचे आवरण नेमके तेच धरून ठेवते. झोट्झ व विंकलर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. पाण्यात विरघळलेले क्षार हे आवरण खरोखरच धरून ठेवते. म्हणजे आमरीचे जेवण पातळ, पण वेळेवर वाढलेले असावे लागते.

आपल्याकडे विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाचे सोडण यांत आमरी वाढवितात. सोडणात मीठ असते, म्हणून ते प्रथम अनेक वेळा भिजवून धुवावे. सकाळी पाणी असे घालावे की ते भांड्यातून वाहून जाईल. मग मुळे पांढरी होईपर्यंत थांबावे. खत वाढीच्या दिवसांत, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथाईने द्यावे, आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने साचलेले क्षार धुऊन काढावेत. नाहीतर मुळांची टोके करपतात. पाने गाळून विश्रांती घेणाऱ्या जातींना त्या काळात खत देऊ नये व पाणीही बेताने द्यावे.

यात अवघड असे काहीच नाही. अवघड आहे ते थांबणे. ज्या माळ्यांनी आमरी मारल्या त्यांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे नाही. तिला काय हवे हे तिच्या मुळाला विचारावयाचे मात्र ते विसरले. येत्या ज्येष्ठात पहिली सर येईल तेव्हा वाटेवरच्या एखाद्या खोडावरील सीतेची वेणी जरूर पाहावी, आणि तिची मुळे हिरवी होऊन पुन्हा पांढरी होईपर्यंत थोडे तिथेच थांबावे. रोप मात्र तेथेच राहू द्यावे.