अमेरिकेतील स्थावर-दलालीचा परवाना आणि गुंतवणूकदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्वतःच्या भांडवलावर घरे-जमिनी घेऊन विकणाऱ्याने दलालीचा परवाना काढावा किंवा नाही, हा प्रश्न वरकरणी नफ्यातोट्याचा भासतो. वस्तुतः त्याचे उत्तर परवान्याच्या उगमाशी निगडित आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील दलालाच्या चारित्र्याची वा ज्ञानाची पारख सहसा होत नसे. मालकास कमी किंमत सांगावयाची, ग्राहकाकडून अधिक घ्यावयाची व मधला फरक गुपचूप पदरात टाकावयाचा, असे प्रकार घडत. शिकागो येथे १९०८ साली स्थापन झालेल्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने परवान्याच्या कायद्यांचा पुरस्कार केला. त्यात लोकहिताइतकीच धंद्याच्या प्रतिष्ठेचीही चिंता होती. कॅलिफोर्नियाचा १९१७ चा कायदा घटनाबाह्य ठरला. १९१९ चा कायदा मात्र त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रायली विरुद्ध चेंबर्स' या खटल्यात वैध ठरविला. दलाल व त्याचा अशील यांचा संबंध विश्वासाचा असतो, म्हणून दलालाच्या सचोटीची पारख रास्त होय, असे त्या निर्णयाचे सार आहे. १९२२ साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही टेनेसीचा तत्सम कायदा उचलून धरला.

या युक्तिवादातच कायद्याची मर्यादा सामावलेली आहे. दुसऱ्याच्या वतीने वागणारा तो दलाल. स्वतःची मिळकत विकणारा मालक सामान्यतः कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. अर्थात गुंतवणूकदारावर परवान्याची सक्ती नाही. तो घेतल्यास स्वतःच्या खरेदीतही दलालीचा वाटा मिळू शकतो, हे खरे. परंतु नवशिक्यास अनुभवी ब्रोकरच्या देखरेखीखाली काम करावे लागते, आणि स्वतःसाठी व्यवहार करतानाही आपण परवानाधारक असल्याचे समोरच्यास सांगणे बहुतेक संस्थानांत बंधनकारक असते. परवान्यामुळे प्राप्तिकरात 'स्थावर व्यावसायिक' हा दर्जा आपोआप लाभतो, ही समजूतही निराधार आहे. १९९३ च्या दुरुस्तीने ठरविलेली कसोटी श्रमाची आहे: वर्षाकाठी स्थावर व्यवसायात ७५० तासांहून अधिक काम, आणि तेही एकूण कामाच्या निम्म्याहून अधिक.

तात्पर्य, इतरांचे व्यवहार जमवून मोबदला घेऊ इच्छिणाऱ्यास परवाना अपरिहार्य आहे. केवळ स्वतःसाठी खरेदी-विक्री करणाऱ्याने दलालीच्या वाट्याबरोबर येणारी कर्तव्येही हिशेबात धरूनच तो घ्यावा. अज्ञ पक्षाच्या रक्षणासाठी जन्मलेले हे बंधन आहे. केवळ सवलत समजून ते स्वीकारणाऱ्याची निराशा होण्याचाच संभव अधिक.