नागपूरहून रायपूरला : एका वाटेची हकीकत

१८४२ साली लंडनच्या मरे या प्रकाशकाने उत्तर इटलीच्या प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढले. फ्लॉरेन्सला निघालेल्या इंग्रज गृहस्थाला पारपत्र, चलन, खाणावळी यांची माहिती त्यात आयती मिळे. त्याच काळात नागपूरहून रायपूरला निघणाऱ्या मराठी कारकुनाला असे पुस्तक कोण देणार? त्याची सारी माहिती तोंडोतोंडीची. आणि ती चुकली तर बैलगाडी नदीकाठी अडून पडावयाची.

वाट मात्र जुनी होती. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तिने रतनपुरास गेल्या, आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून छत्तीसगडचा कारभार केला. त्यांच्याबरोबर मोडी दप्तर गेले आणि दप्तरामागोमाग ते लिहिणारी कुटुंबेही. १८१८ नंतर ॲग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, तेव्हा दप्तरवाल्यांचे गाव रायपूर झाले.

अंतर आजच्या मापाने सुमारे तीनशे किलोमीटर. भंडारा, साकोली, देवरी, मग रान, पुढे राजनांदगाव आणि दुर्ग. भंडाऱ्याजवळ वैनगंगा, दुर्गाजवळ शिवनाथ आणि रायपूरच्या तोंडाशी खारून, अशा नद्या उतराव्या लागत. म्हणून पहिली सूचना अशी की, दसऱ्याआधी निघू नये. दुसरी चलनाची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही छत्तीसगडात कवड्यांचा व्यवहार चालत असे. रुपया मोडला की कनवटीस लावण्याजोगे काही उरत नसे, पोतेच बांधावे लागे! इटलीतल्या संस्थानोसंस्थानी बदलणाऱ्या नाण्यांची कटकट त्यामानाने हलकीच म्हणावयाची.

या प्रवासाचा एक प्रसिद्ध दाखला मराठी घराचा नसून बंगाली घराचा आहे. १८७७ साली कलकत्त्याचे विश्वनाथ दत्त रायपुरास आले. मागोमाग त्यांचे कुटुंबही आले. आगगाडी तेव्हा नागपूरलाच थांबत असे. तेथून पुढे बैलगाडीने पंधरा दिवसांहून अधिक काळ लागला, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे दिवसाची मजल फार तर सहा कोसांची. त्या गाडीत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. तोच पुढे विवेकानंद झाला. रायपूरच्या बूढा तलावाला आज त्यांचेच नाव आहे.

काही वर्षांनी लहान रुळांची गाडी राजनांदगावला पोचली. ती माणसांच्या सोयीसाठी नव्हे, तर छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी आणली होती. माणसे तिच्यात बसली एवढेच. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती वाट रुंद रुळांची करून पूर्वेकडे नेली. रूळ गोंदिया, सालेकसा, डोंगरगड असे गेल्यामुळे साकोली-देवरीचे मुक्काम मागे पडले.

या फरकाचे मोल वेळेच्या हिशेबाने कळत नाही. पंधरवड्याची आणि चार महिने बंद राहणारी वाट परतीची वाट नव्हतीच. लग्न असो की बापाचे आजारपण, रायपूरच्या मुलाला निरोप पोचेपर्यंत प्रसंग होऊन गेलेला असावयाचा. त्यामुळे जो गेला तो तिथलाच झाला, आणि घरातल्या मराठीत छत्तीसगडी शब्द आपसूक मिसळले. आगगाडीने परतीची सोय केली. पण तोवर कित्येकांना परतण्याची गरज उरली नव्हती. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांचे शालेय शिक्षण बिलासपूर-रायपुरात झाले. त्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक पेंड्र्याहून काढले ते हिंदीत. आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे मराठी ग्रंथ हिंदी वाचकाला दिले तेही त्यांनीच. नागपूरहून आलेल्या वाटेने दुसऱ्या भाषेत जाऊन असा मुक्काम केला.

हावडा-मुंबई मेल आज काही तासांत तेच अंतर कापते. पाहुण्याने रायपूर स्थानकात उतरून चौबे कॉलोनी विचारावी. तेथे महाराष्ट्र मंडळ आहे, आणि मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटते. शेजारून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला गावकरी जी. ई. रोड म्हणतात. जी. ई. म्हणजे ग्रेट ईस्टर्न. हाच रस्ता पश्चिमेकडे खारून, शिवनाथ, वैनगंगा ओलांडीत नागपूरला जातो.