प्रेषकानुसार मेल-मार्गनिवड

बाहेर जाणारा मेल कोणत्या सर्व्हरमार्फत पाठवायचा, हे पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून ठरवण्याची मेल सर्व्हरमधली सोय. एरवी वाट ठरते ती घेणाऱ्यावरून. सर्व्हर त्याच्या पत्त्यातले डोमेन उचलतो, डीएनएसमध्ये एमएक्स नोंद शोधतो आणि तिथे नाव असलेल्या सर्व्हरच्या हाती मेल देतो. किंवा सरसकट सगळे मेल एकाच ‘रिलेहोस्ट’कडे, म्हणजे पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरकडे सोपवतो.

एका सर्व्हरवर दोन बिऱ्हाडे आली की हे पुरत नाही. समजा एका छापखान्याचे आणि एका पतसंस्थेचे डोमेन एकाच यंत्रावर आहे. दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांची रिले सेवा घेतली आहे आणि दोघांची खाती, पासवर्ड वेगळे आहेत. छापखान्याचा मेल पतसंस्थेच्या रिलेकडे गेला, तर ‘हा पत्ता तुमचा नाही’ म्हणून तो तिथेच नाकारला जाऊ शकतो. रिलेने स्वीकारला तरी पुढे एसपीएफ आडवे येते. या पद्धतीत आपल्या नावाने कोणत्या आयपी पत्त्यांवरून मेल निघावेत, हे डोमेनमालक डीएनएसमध्ये जाहीर करतो (आरएफसी 4408, 2006, सुधारित आरएफसी 7208, 2014). अनोळखी वाटेने आलेला मेल मग स्पॅममध्ये पडू शकतो.

पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिला. तो 1998 मध्ये लोकांपुढे आला. त्यात ही सोय 2.3 या आवृत्तीपासून (2006) आहे. ‘सेंडर डिपेंडंट रिलेहोस्ट मॅप्स’ या सेटिंगला एक तक्ता जोडायचा: डावीकडे प्रेषक, उजवीकडे त्याचा रिले. आधी पूर्ण पत्ता शोधला जातो, तो नसेल तर @ सह डोमेन. हा @ विसरणे ही नवख्यांची ठरलेली चूक, कारण शेजारच्या ‘ट्रान्सपोर्ट’ तक्त्यात डोमेन @ शिवाय लिहितात. उजवीकडे रिलेचे नाव चौकोनी कंसात घातले की पोस्टफिक्स त्याची एमएक्स नोंद शोधत बसत नाही, थेट त्याच यंत्राकडे जातो. कंसापुढे अपूर्णविराम (:) देऊन 587 हा पोर्ट लिहिण्याची पद्धत आहे. तक्ता हॅश प्रकारचा असेल तर प्रत्येक बदलानंतर ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवावी लागते, नाहीतर सर्व्हर जुनाच तक्ता वाचत राहतो.

प्रत्येक प्रेषकासाठी वेगळा पासवर्ड वापरायचा तर प्रेषकनिहाय ओळखपडताळणीही चालू करावी लागते. तिची किंमत अशी की एकदा उघडलेली जोडणी पुढच्या मेलसाठी राखून ठेवणे बंद होते, कारण एकाच्या खात्यावर दुसऱ्याचा मेल जाऊन चालणार नाही. आणखी एक मर्यादा: ट्रान्सपोर्ट तक्त्यात घेणाऱ्याच्या डोमेनची नोंद असेल तर तीच चालते, प्रेषकाचा नियम बाजूला पडतो.

खरी मेख ‘प्रेषक’ या शब्दात आहे. मेलवर प्रेषक दोन असतात: एक पाकिटावरचा, दुसरा आतल्या कागदावरचा. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी 821 (1982) पासून एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या नियमावलीनुसार सर्व्हरांमध्ये होणाऱ्या संवादात ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने सांगितला जातो तो पाकिटावरचा. वाचणाऱ्याला दिसणारी ‘फ्रॉम’ ओळ आतली. नियम पाकीट वाचतो, कागद उघडत नाही.

छापखान्याच्या वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म घ्या. आलेल्या मेलमध्ये ‘फ्रॉम’ म्हणून छापखान्याचाच पत्ता ठसठशीत दिसतो, तक्ताही बिनचूक आहे, तरी मेल भलत्याच रिलेतून गेलेला असतो. लॉगमधल्या ‘फ्रॉम’पुढे पाहावे तर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ आणि यंत्राचे नाव! फॉर्ममागच्या पीएचपी प्रोग्रामने मेल वेबसर्व्हरच्या खात्यावरून सोडला आणि पाकिटावर तेच नाव पडले. अशा वेळी तक्ता चाळत बसण्यात अर्थ नाही. मेल सोडणाऱ्या प्रोग्रामला ‘-एफ’ हा पर्याय देऊन पाकिटावरचा पत्ता दुरुस्त करायचा असतो.

परत आलेल्या मेलची सूचना हा आणखी विचित्र प्रकार. सूचनेलाच उत्तर म्हणून दुसरी सूचना जाऊन फेरा सुरू होऊ नये, यासाठी तिच्या पाकिटावर प्रेषक रिकामा ठेवतात. छापखाना किंवा पतसंस्था, कोणाचाच नियम तिला लागू होत नाही. पोस्टफिक्सच्या तक्त्यात तिच्यासाठी नुसत्या कोनी कंसांच्या जोडीची ओळ लिहिता येते. ती नसेल तर सूचना सर्वसाधारण वाटेने जाते.

केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या एक्झिममध्ये वेगळा तक्ता लागतोच असे नाही. तिथे ‘राउटर’ एकाखाली एक लिहिलेले असतात आणि मेल वरून खाली त्यांतून जातो. एखाद्यावर ‘सेंडर्स’ ही अट घातली की तो फक्त त्या प्रेषकांसाठी चालतो. साहजिकच क्रम महत्त्वाचा: सर्वांसाठीचा राउटर वर राहिला तर खालच्या अटीपर्यंत मेल पोचतच नाही.

नियम बदलल्यावर रांगेत अडकलेल्या मेलचे काय, हा प्रश्न कार्यालयात हमखास निघतो. पोस्टफिक्स वाट ठरवतो ती मेल सक्रिय रांगेत घेताना. त्यामुळे रिलेने तात्पुरता नाकारलेला, लांबणीवर पडलेला मेल पुढच्या प्रयत्नाला नव्या तक्त्याप्रमाणे जातो. तो पुन्हा लिहून पाठवावा लागत नाही.